लाल दोऱ्याची तूर

१९ ऑगस्ट

कृषी फार्मच्या फाटकावरची पाटी बदलली. जि. उस्मानाबाद गेलं, जि. लातूर आलं. पेंटरने जुनी अक्षरं नीट खरवडली नाहीत, त्यामुळे ऊन तिरपं झालं की दोन्ही जिल्हे एकदम दिसतात. गावात पेढे वाटले म्हणे. फार्मवर कुणी आणले नाहीत.

सर पाटीपुढे बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "मुक्ता, आपली बदली लातूरला कधी झाली गं?" मी हसले. सरांचे विनोद असेच असतात, चेहरा कोरा ठेवून केलेले. ते मात्र हसले नाहीत.

पाऊस नाही. तूर वीतभर. दुपारी मान टाकते, संध्याकाळी उचलते.

५ सप्टेंबर

नवे साहेब आले. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब, बूट कोरे करकरीत. सरांची ओळख करून दिली तर नुसती मान हलवली. इतकी वर्षं इथे घालवलेला माणूस, याला नमस्कारसुद्धा परवडेना.

फार्मची विहीर गावाला पिण्यासाठी दिली आहे. उरेल ते पाणी आमचं. साहेबांचं म्हणणं, ज्वारी जगवा, ही दाणा न धरणारी तूर कशाला पोसता? सरांनी उत्तर द्यावं म्हणून थांबले. सर विहिरीकडे बघत होते. मग मीच बोलले. मुरुडकडच्या एका शेतात सरांना हे झाड दिसलं, त्या मोठ्या दुष्काळात. फुलांनी लगडलेलं आणि शेंगा नाहीत. शेतकरी उपटायला निघाला होता. सरांनी नखाने कळी फोडली तर आत पिवळी भुकटी नाहीच, परागकोश पाण्यासारखे पारदर्शक. मादी बाजू मात्र धडधाकट. शेजारच्या तुरीचा पराग मिळाला की दाणा धरणार. म्हणजे कळ्या हाताने न सोलता संकरित बी करता येईल. त्या एका झाडापासून सरांनी हे वाण वाढवलं.

साहेब म्हणाले, "मग सगळीच बिनपरागाची का नाही लावत?" चांगला प्रश्न विचारला, हे कबूल. सांगितलं: बिनपरागाची एकटी लावली तर तिचा वंशच बुडेल. म्हणून दोन ब्लॉक. पहिल्यात वाण राखायचं. तिथे तिची अर्धी भावंडं परागाची निघतात, ती ठेवायची. मधमाश्या त्यांचा पराग बिनपरागाच्या झाडांवर नेतात आणि त्या बियांतून पुढच्या साली पुन्हा निम्मी निम्मी उगवतात. दुसऱ्या ब्लॉकात संकर करायचा. तिथे मादीच्या ओळीतली परागाची झाडं उपटायची, कारण पराग बाहेरच्या वाणाचा हवा असतो. एकीकडे पिवळी, म्हणजे परागाची, राखायची, दुसरीकडे पिवळी उपटायची.

साहेबांनी घड्याळ बघितलं. पाणी मिळालं, पण आठवड्यातून एकदाच.

२३ सप्टें.

राखीव बियाचा डबा उघडला. भुंगे. दाण्यादाण्याला भोक. चाळून चाळून चार चांगले निघाले नाहीत. झाकण सैल राहिलं होतं. किल्ली सरांकडे असते. विचारलं तर म्हणाले, "मी उघडलाच नाही." उघडला होता, मी पाहिलं होतं.

आता जे काय आहे ते शेतात आहे.

दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली कोवळ्या कळ्या. पहिल्यांदा मला हे दाखवलं तेव्हा सर जे बोलले होते तेच आज पुन्हा बोलले, तितक्याच हौसेने. परागाचे कण चार चार एकत्र जन्मतात, मग सुटे होतात. त्यांच्याभोवती एक थर असतो, त्यांना पोसणारा. काम झालं की त्याने वेळेवर विरून जायचं असतं. या झाडांत तो विरत नाही. चौघं एकमेकांना चिकटून राहतात आणि तिथेच आटतात.

मग चहा झाला. मग सरांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "ये मुक्ता, तुला गंमत दाखवतो," आणि तेच सगळं परत पहिल्यापासून.

मी परत बघितलं. काय करणार.

१५ ऑक्टो.

पहिला बहर पाण्यावाचून गळाला. झाडाखाली पिवळा सडा. दुसरा लागतो आहे, विरळ.

गयाबाईची टोळी दोरे बांधायला. कळी चिमटायची, पारदर्शक दिसली की झाडाला लाल दोरा. माझ्यापेक्षा त्या बायका भराभर करतात, आणि तोंडं हातांपेक्षा भराभर चालतात. गयाबाई मला म्हणते, "बाई, तुमी झाडाला दोरे बांधून राहिल्या, तुमच्या गळ्यात दोरा कोन बांधल?" सगळ्या खिदळल्या. मी म्हटलं, तुझ्या बघण्यात असेल तर आण, पण त्याला तूर सोलता आली पाहिजे. म्हणाली, "मंग न्हाई गावायचा."

सरही हसले. कितीतरी दिवसांनी सर हसले.

गयाबाईला रोजगार हमीच्या खडीवर जाता आलं असतं. इथे सावली आहे आणि उपटलेलं गवत शेळ्यांना नेता येतं, म्हणून येते. तसं तिनेच सांगितलं, आव न आणता.

१ नोव्हें.

उदगीरहून घरचा निरोप, अव्वा, माझी आई, पडली, पाय सुजला आहे. उद्या निघते. सरांना सांगितलं, चार दिवस दुसरा बहर नुसता बघा, काही करायचं नाही, मी आल्यावर करू. "मला शिकवतेस?" म्हणाले. रागाने नाही.

५ नोव्हें.

अव्वाचा पाय बरा. मला लवकर सोडलं. फार्मवर पोचले दुपारी.



राखायच्या ब्लॉकात लाल दोऱ्याची झाडं तेवढी उभी आहेत. मधली सगळी भावंडं गेली. काल दुपारी उपटली. मातीत भोकं आणि भोकांभोवती गळालेली पिवळी फुलं. गयाबाईचं काम चोख असतं, तेच नडलं. बांधाच्या कडेलासुद्धा एक चुकलं नाही.

तिला विचारलं. "सरांनीच सांगितलं की बाई. हितं हुबं ऱ्हाऊन सांगितलं. पिवळं दिसंल त्ये समदं काढा, एकबी ठिवू नगा म्हणले. म्या इचारलंबी, सर, ह्यो राखायचा ना? तर खेकसले माझ्यावर. म्हणले, तू मला शिकवू नगंस."

दुसरा ब्लॉक समजून. सर दुसरा ब्लॉक समजले. चाळीस पावलांवर दुसरा ब्लॉक आहे आणि तो त्यांनीच आखला आहे.

मी खाली बसले आणि रडले. बायकांसमोर. राग सरांचा आला, भयंकर आला, आणि दुसऱ्याच क्षणी भीती वाटली, कारण हे विसराळूपण नव्हे हे मला माहीत होतं. ऑगस्टपासून माहीत होतं.

उपटलेली कुठे आहेत? "शेळ्यान्ला नेली की."

६ नोव्हें.

सकाळीच गयाबाईच्या घरी. शेळ्यांनी फडशा पाडला होता. पण तिने एक भारा छपरावर टाकला होता, उद्यासाठी. त्यातल्या काही फांद्यांना कळ्या होत्या, सुकलेल्या पण मिटलेल्या. तिने माझ्या हातात अख्खा भारा दिला आणि म्हणाली, "शेळ्या उपाशी मरत न्हाईत येका दिसानं." मरतातही या साली.

बादलीत पाणी, त्यात फांद्या, ऑफिसच्या गार कोपऱ्यात. पिण्याचं पाणी होतं. शिपायाने बघितलं आणि पाठ फिरवली.

दुपारी काही कळ्या ताठ झाल्या. फोडल्या तर पिवळ्या! सूक्ष्मदर्शकाखाली थोडे कण भरलेले, बाकी सुरकुतलेले. थोडे पुरतात. पुरायला हवेत.

दोऱ्याच्या झाडांना मलमलीच्या पिशव्या चढवल्या. नाहीतर माश्या गावच्या तुरीचा पराग आणतील, दाणे धरतील, आणि वाण हातचं जाईल. म्हणजे मुळात तो गुण मरणार नाही, मिसळीत लपून बसेल, एखाद्या साली पुन्हा डोकं काढेल. पण सरांनी इतक्या वर्षांत निवडून निवडून जे शुद्ध केलं ते परत पहिल्यापासून. आणि परत पहिल्यापासून करायला सर नसणार. यंदा निवृत्ती.

७ नोव्हें.

आज सर आले पराग लावायला. मी बोलावलं नव्हतं. चिमटा हातात घेतला आणि मी बघतच राहिले. पाकळी खाली दाबली, आतली मादी चोच मोकळी केली, पराग टेकवला, पाकळी परत मिटवली. एकही फूल मोडलं नाही. माझी तीन मोडली तोवर. डोकं कुठेही असो, बोटं अजून इथेच आहेत.

मधेच थांबले. बादलीतल्या फांद्या बघितल्या. "ही उपटली कुणी?"

मी हातातल्या पिशवीची गाठ बांधत राहिले.

"कोणत्या गाढवाने उपटली, मुक्ता? हा राखायचा ब्लॉक आहे! गयाबाई!"

गयाबाईला समोर उभं करून इतके बोलले, इतके बोलले. सरांच्या तोंडून असे शब्द मी कधी ऐकले नव्हते. ती मान खाली घालून उभी होती, पण गरीब होऊन नव्हे. जबडा आवळलेला होता. सर गेल्यावर मला म्हणाली, "आज बोलले न्हाई म्या. मानूस दुखण्यात हाय म्हनून. पन दररोज न्हाई ऐकून घ्यायची, सांगून ठिवते."

मी आज का बोलले नाही? सर सगळ्यांदेखत उघडे पडतील म्हणून. आणि ती सगळ्यांदेखत उघडी पडली त्याचं काय.

१२ नोव्हें.

साहेबांच्या कानावर गेलं. फार्मवर आले, भोकं बघितली, निर्णय जागच्या जागी: टोळीचं काम बंद. "निष्काळजीपणा." मला लेखी अहवाल मागितला, सोमवारपर्यंत.

गयाबाईने विळा कमरेला खोचला आणि बायकांना घेऊन गेली. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

१३ नोव्हें.

काकूंकडे गेले. सरांच्या पत्नी. त्या ज्वारी निवडत होत्या. मी सुरुवात करायच्या आत म्हणाल्या, "कळलंय मला, मुक्ते. दोन वर्षं झाली." सकाळी आंघोळ करून परत आंघोळीला जातात. एकदा किनवटच्या गाडीत बसून गेले, तिकडे त्यांची पहिली नोकरी होती म्हणून. मुलगा नांदेडला आहे, तो म्हणतो इकडे घेऊन या, डॉक्टरला दाखवू. काकू नेत नाहीत. "इथे फार्मवर तरी ते सर आहेत. तिथे नुसतं म्हातारं माणूस होतील."

अहवालाचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "बायकांनी चुकून उपटली म्हणून लिही की. त्यांना कुठेही काम मिळेल." मग निवडायचं सूप तसंच मांडीवर धरून बसल्या. मग म्हणाल्या, "नको. तसं नको लिहूस." आणि रडायला लागल्या.

मलाही तेच सुचलं होतं हे त्यांना सांगितलं नाही.

तिसरा मार्ग, मीच आदेश दिला असं लिहायचं. पण मी उदगीरला होते हे साऱ्या फार्मला माहीत आहे. खोटं बोलायचं तर निदान ते टिकावं तरी.

१५ नोव्हें.

आज सांगितलं.

सर प्रयोगशाळेत एकटे होते. दार लोटून घेतलं. म्हटलं, सर, ती झाडं उपटायला तुम्हीच सांगितलं. तुम्हाला दुसरा ब्लॉक वाटला.

पहिल्यांदा ओरडले. मग म्हणाले, शक्य नाही. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी हळू, "गयाबाईला मी बोललो का गं?"

म्हटलं, हो.

"फार?"

हो.

सरांनी स्वतःच कागद ओढला. मी मजकूर सांगू का म्हटलं तर हात वर करून थांबवलं. अक्षर पूर्वीसारखंच, मोत्यासारखं. आदेश माझा होता, मजुरांचा दोष नाही, माझी स्मरणशक्ती भरवशाची राहिलेली नाही. सही. मग उठून चालत गयाबाईच्या घरी गेले, उन्हात, मी मागे. तिच्या दारात हात जोडले. गयाबाई एवढी तोंडाळ बाई, पण "बसा की सर, चा टाकते," एवढंच. बसले. गूळ घातलेला चहा, शेळीच्या दुधाचा. सर पूर्ण कप प्यायले.

इतका मोठा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. हे इथे लिहून ठेवते.

१६ नोव्हें.

टोळी कामावर परत. साहेबांनी सरांचा कागद वाचला आणि पहिल्यांदाच सरांसाठी उभे राहिले. मग म्हणाले, निवृत्तीपर्यंत रजा टाका. गोड बोलून. बरोबरच आहे. तरी चीड आली.

संध्याकाळी पिशव्या बघत होते. सर मागून आले. भोकांकडे बघून थबकले.

"मुक्ता, ही उपटली कुणी?"

परत सांगितलं. काय करणार होते, एका दिवसात खोटं कुठून आणू? परत तेच. ओरडणं, मग शक्य नाही, मग चष्मा. "गयाबाईला मी बोललो का गं?" कालचाच चेहरा. काल एकदा तुटलेला माणूस आज पुन्हा नव्याने तुटला, आणि तोडणारी मीच.

१९ नोव्हें.

रोज विचारतात.

काल नाही सांगितलं. म्हटलं, भुंग्यांनी गेली, सर. "अरेरे," म्हणाले, आणि भुंग्यांबद्दल छान बोलले, अर्धा तास. आनंदात घरी गेले. मी ऑफिसात बसून राहिले. ज्या माणसाने स्वतःहून कागद ओढला त्याला मी भुंगे सांगितले. दया केली की अपमान केला, मला कळत नाही. कुणाला विचारू? गयाबाईला विचारलं. म्हणाली, "येकदा कबूल केलं त्यायनं. देवाच्या दारात येकदाच लागतं. आता कामून छळता?" तिला बरं आहे, तिचा हिशेब मिटला.

पण मी खोटं सांगितलं की सरांच्या नजरेला नजर देता येत नाही. आणि खरं सांगितलं की सर माझ्या नजरेला देत नाहीत.

११ डिसें.

मधे लिहिलं नाही. विहीर तळाला, पाणी बंद. पिशव्यांतली पुष्कळ फुलं गळाली. पण काही शेंगा धरल्या. बोटाने चाचपल्या, आत दाणे लागतात, बारके, पण लागतात.

ते कुणाचे, हा प्रश्न आहे. बादलीतल्या परागाचे असतील तर पुढच्या साली निम्मी झाडं बिनपरागाची निघतील, वाण वाचलं. पिशवी चढायच्या आधीच माशी बसून गेली असेल तर सगळी पिवळी निघतील. दाण्याकडे बघून काही कळत नाही. पेरा, वाढवा, कळी येईपर्यंत थांबा. आणि पाऊस पडला पाहिजे.

काकूंनी ठरवलं. नांदेडला जाणार.

१४ डिसें.

सर गेले. स्टँडवर पोचवायला मी आणि गयाबाई. मुलगा घ्यायला आला होता, चांगला आहे, सामान हळू उचलत होता. काकू आधी चढून बसल्या आणि खिडकीतून बाहेर बघेचनात.

मी वाकून नमस्कार केला. सरांनी डोक्यावर हात ठेवला, मग बाजूला घेतलं, ऑफिसचं काही सांगायचं असलं की घेत तसं. आवाज खाली.

"मुक्ता, त्या ब्लॉकातली पिवळी झाडं कुणीतरी उपटली आहेत. मला इथे कुणीच काही सांगत नाही. तू छडा लाव."

गयाबाई शेजारीच उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "हिच्यावर मात्र घेऊ नकोस हां. ही विचारल्याशिवाय करायची नाही. हे कुणातरी शिकलेल्याचं काम आहे."

गयाबाईने पदर तोंडाला लावला.

"लावशील ना? मला नांदेडला कळव."

हो म्हटलं. कळवते म्हटलं. गाडी सुटेपर्यंत सर खिडकीतून माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघितल्यासारखे.

काकूंनी पत्ता लिहून दिला आहे. समोर ठेवला आहे. पत्रावर "ती. सरांस" एवढंच लिहून झालं.